महाघोरपडीचा तंबोरा

हत्ती काय बोलतात हे माणसाला कळू लागलं, तेव्हा सगळ्यात मोठी निराशा कवींची झाली. एवढा थोरला प्राणी, एवढं मोठं डोकं, तेव्हा विचारही त्याच मापाचे असणार अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात हत्तींचं बहुतेक बोलणं 'मी इथं आहे', 'तू कुठं आहेस?' आणि 'चला' एवढ्यात आटोपतं. उरलेलं खाण्याबद्दल असतं. म्हणजे कुठल्याही बऱ्यापैकी चाललेल्या घरात जेवढं बोलणं होतं तेवढंच.

हे बोलणं आजवर कुणाला ऐकू आलं नव्हतं, कारण ते आपल्या कानांच्या तळघरात चालतं. सेकंदाला वीस कंपनांच्या खालचं आपला कान ऐकत नाही, आणि हत्ती बोलतात सतरा-अठरावर. हा आवाज हवेतून जातो, जमिनीतूनही जातो, आणि लांब उभा असलेला हत्ती तो पायांच्या तळव्यांनी ऐकतो. शास्त्रज्ञांना हे कधीचं ठाऊक होतं. नवीन झालं ते एवढंच, की वन्यसंवाद कक्ष नावाच्या कार्यालयानं दोडामार्गच्या बाजूच्या जंगलात जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं पुरली, एकमेकांना जोडली, आणि जमा होणारी थरथर एका भाषांतर करणाऱ्या संगणकापुढे ठेवली. त्याला हत्तींची भाषा शास्त्रज्ञांनी शिकवली. मराठी मात्र तो कक्षाचा जुना पत्रव्यवहार वाचून आपली आपणच शिकला.

त्यामुळे त्या भागातल्या मोबाइलवर असे संदेश येऊ लागले: 'प्रेषक: मादी हत्ती, कळप दोन. मजकूर: मी येथे आहे. आपण कोठे आहात?' हत्ती गप्प असले की 'निरंक' असं येई. लोकांना हे फार आवडलं. आपल्याला 'आपण' म्हणणारं कार्यालय त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

प्रश्न आणि उत्तर वेगळं काढायची संगणकाची रीत सोपी होती. तोच खोल सूर हळूहळू फुगत, चढत गेला की तो प्रश्न. एकदम उमटला आणि विरत गेला की ते उत्तर. बाकी स्वर तोच. माणसांचंही फारसं वेगळं नसतं, पण ते असो.

सुलभा हळबे यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सांगलीला राहत, सकाळी गुडघ्यांना तेल लावत, आणि महाराष्ट्रातल्या एकमेव घोरपड-संगीतकार म्हणून निवृत्त झाल्या होत्या.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात 'महाघोरपड' नावाचा सिनेमा निघाला. धरणाच्या पाण्यात वाढलेली पाच मजली घोरपड बाहेर येते आणि साखर कारखाना गिळते, असं कथानक. लोकांना ते इतकं पटलं की पाठोपाठ 'महाघोरपडीचा पुनर्जन्म' आणि 'महाघोरपड विरुद्ध खेकडासुर' आले. घोरपडीच्या कातड्यात दोन पैलवान असत, एक पुढच्या पायांत, एक मागच्या. दोघांचं आपसात पटत नसे, त्यामुळे घोरपडीच्या चालीत एक वेगळीच भीषणता आली होती.

संगीत सुलभाताईंचं. व्हायोलिनवाले सावंतवाडी-गोव्याकडून येत, ट्रॉम्बोन आणि बाकीची पितळी वाद्यं लग्नाच्या बँडमधून. सगळे जमले की बाई ताल द्यायची काठी उचलायच्या आधी एका कोपऱ्यात बघून मान हलवत. तिथं एक तंबोरा असे. छपराला टेकेल एवढा उंच, भोपळा बैलगाडीच्या चाकाएवढा, तारा बोटभर जाड. तो छेडला जाई, आणि काहीही ऐकू येत नसे.

"बाई, काटा हलतोय, पण आवाज नाही," ध्वनिमुद्रण करणारा पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"हलू दे की," सुलभाताई म्हणाल्या. "तंबोरा लागल्याशिवाय आमच्या घरात कुणी तोंड उघडत नाही."

खरं तर असल्या सिनेमात खोल आवाज राखून ठेवायचा असतो. राक्षस यायच्या वेळी बाहेर काढायचा, म्हणजे दचका बसतो. सुलभाताई गवयाच्या घरातल्या. सुरू झालेला तंबोरा मैफल संपेपर्यंत थांबवायचा नसतो हे त्यांच्या हाडात होतं. नायिका भाजी निवडत असो की घोरपड कारखाना गिळत असो, तंबोरा चालूच. त्यावर व्हायोलिनं, त्यावर ट्रॉम्बोन. परिणाम असा झाला की प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून छातीत काहीतरी हलतंय असं वाटे आणि का ते कळत नसे. भाजी निवडण्याच्या प्रसंगात लोक शेजाऱ्याचा हात धरत. समीक्षकांनी श्रेय घोरपडीला दिलं.

तो तंबोरा त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा. अण्णा मिरजेतले नावाजलेले गवई. उतारवयात त्यांचे कान गेले. बाकी सगळं चालेल, पण तंबोऱ्याशिवाय बसवेना. तेव्हा मिरजेच्या कारागिराकडून त्यांनी कानांना नव्हे तर मांडीला ऐकू येईल असा तंबोरा करून घेतला. एक नाही, दोन. तंबोरे जोडीनंच लागतात. एकाच वेलाचे दोन भोपळे, एकाच खोडाच्या दोन दांड्या. अण्णा दोन्हींच्या मध्ये जमिनीवर बसत, जमिनीतून सूर आला की डोळे मिटत आणि "मिळालं" म्हणत.

अण्णा गेले आणि वाटण्या झाल्या. मुलगा पंडित दिगंबर हळबे, मुलगी सुलभा. दोघांनी एकही शब्द न वाढवता, अतिशय समजूतदारपणे, जोडीतला एकेक तंबोरा घेतला. एवढा समजूतदारपणा फक्त पुढं भांडणाऱ्या माणसांतच असतो.

त्या वेळी भांडण अजून व्हायचं होतं. ते अण्णांच्या पहिल्या पुण्यतिथीला झालं. दिगंबरपंत गायला बसले, मागे त्यांचा मोठा तंबोरा लागला, आणि पहिल्या रांगेतली लहान मुलं एकदम उठून खुर्च्यांखाली गेली. "घोरपड आली!" एवढंच ती म्हणाली. पंतांनी डोळे उघडले, सभागृहाच्या मागं उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं, आणि ते पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत.

पुढं सिनेमे मोबाइलवर गेले. तिथल्या हुशार लोकांनी ठरवलं की वीसच्या खालचं कुणी ऐकत नाही, मग ते साठवायचं कशाला? तंबोरा उडाला. घोरपड होती तशीच राहिली, पण आता ती आली की लोक हसू लागले. सुलभाताईंच्या मते पैलवानांपेक्षा त्यांनाच जास्त लागलं, कारण पैलवानांना निदान दिसत नव्हतं.

मग काळ पुन्हा फिरला. जुने सिनेमे पडद्यावर आणि त्यांचं संगीत समोर बसलेल्या वाद्यवृंदाकडून, अशी टूम निघाली, आणि दोडामार्गच्या बाजूच्या आंबेरण गावानं जत्रेसाठी 'महाघोरपड' बोलावला.

*

आंबेरणच्या सरपंच वैजयंती गवस यांची एक अट होती. गाव पैसे भरणार, तर सरपंच मंचावर दिसल्या पाहिजेत.

"पण तुम्हाला वाद्य कुठलं येतं?" सुलभाताईंनी विचारलं.

"माका खंयचाच येणा नाय."

"मग तुम्ही तंबोऱ्यावर बसा. संथ छेडत राहायचं, थांबायचं नाही."

"आवाज येणा नाय तो ह्यो?"

"तोच."

"ग्रामसभेची सवय आसा माका," सरपंच म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या.

मंच गावाबाहेरच्या सड्यावर होता. जांभ्या दगडाचं सपाट पठार, त्यावर पोकळ लाकडी फळ्या, फळ्यांवर भोपळा टेकलेला. संध्याकाळ झाली, पडदा उजळला, सुलभाताईंनी मान हलवली. पाच मिनिटांत जत्रेतल्या प्रत्येक खिशातून मोबाइल वाजले.

'प्रेषक: अज्ञात हत्ती, आंबेरण सडा. मजकूर: मी येथे आहे. आपण कोठे आहात?'

पुन्हा पाच मिनिटांनी तेच. व्हायोलिनं चढली की तेच. ट्रॉम्बोन फुगले की तेच. लोक इकडं तिकडं बघू लागले. साखर कारखाना गिळण्याच्या प्रसंगात संदेश वेगळा आला.

'प्रेषक: मादी हत्ती, वय अंदाजे आठ. मजकूर: मी येथे आहे. येत आहे.'

आणि ती आली. पडद्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. पडद्यावर घोरपड, बाजूला हत्ती. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या.

"बजेट वाढला वाटता," कुणीतरी म्हणालं.

पहिला ट्रॉम्बोनवाला कायतान रॉड्रिग्ज, सावंतवाडीचा, सुलभाताईंच्या पहिल्या सिनेमापासूनचा. त्यानं वाद्य तोंडापासून न काढता विचारलं, "बाई, वाजवूं की पळूं?"

"वाजव," सुलभाताई म्हणाल्या. "तंबोरा चालू आहे."

सिनेमा संपेपर्यंत ती हलली नाही. तंबोरा थांबला तेव्हा तिनं सोंड जमिनीला टेकवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग वाद्यवृंदाच्या बसला अंग घासून ती तिथंच रस्ता अडवून थांबली. वादकांचा मुक्काम शाळेत पडला. गावानं त्यांना घावणे खाऊ घातले आणि हत्तिणीला फणस.

*

सकाळी वन्यसंवाद कक्षाचे डॉ. तन्वीर मुजावर आले. हत्तींचा अभ्यास करून ते स्वतः इतके सावकाश झाले होते की गावाला त्यांची लगेच खात्री पटली.

"ही कळप दोनमधली," ते म्हणाले. "महिन्यापूर्वी पाण्याच्या लोंढ्यात चुकली. कळप खिंडीच्या पलीकडं उतरलाय. मध्ये डोंगर आहे, तिकडचं बोलणं तिला इथं लागत नाही. महिनाभर ती जमिनीला पाय लावून ऐकत हिंडतेय. आणि काल पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी बोललं."

"कोण?" सुलभाताईंनी विचारलं.

मुजावरांनी मोबाइल पुढं केला. "तुम्ही. तंबोरा बरोबर सतरावर आहे. त्याच्या दुप्पट-चौपट कंपनांवर तुमचे ट्रॉम्बोन आणि मोठी व्हायोलिनं. ते फुगले की सगळा आवाज चढतो, आणि फळ्यांतून जांभ्यात उतरतो. हत्तीच्या पायाला तो हत्तीच वाटतो. अख्खा सिनेमाभर तुम्ही एकच वाक्य म्हणताय. मी इथं आहे, तू कुठं आहेस?"

सुलभाताईंनी मोबाइल हातात घेऊन तो मजकूर वाचला. "तिन्ही सिनेमांत असंच असेल?"

"तंबोरा असेल तर असंच."

"आणि आम्ही समजत होतो घोरपड येतेय," त्या म्हणाल्या.

मुजावरांच्या वरिष्ठांचा मात्र वेगळा हिशेब होता. राक्षसाचं संगीत आहे, तर मोठ्यानं वाजवलं की हत्ती पळेल. दोन ट्रकभर कर्णे आले आणि मोबाइलवरचा 'महाघोरपड' चौफेर घुमला. गावातली कुत्री पळाली. हत्तिणीनं जत्रेच्या कमानीला बांधलेली केळीची खोडं खाल्ली. मोबाइलवर आलं, 'निरंक'. खालचा मजला कापलेल्या संगीतात तिच्या कामाचं काहीच नव्हतं.

तेव्हा आदेश निघाला. गुरुवारी पथक येणार, तिला बेशुद्ध करणार आणि ट्रकनं लांबच्या छावणीत पोचवणार. तिथं साखळी होती, माहूत होता, वेळच्या वेळी चारा होता. कळप नव्हता.

"बाय खंय जायत नाय," सरपंच म्हणाल्या. गावानं तिचं नाव बाय ठेवलं होतं. मुलीला तिकडं असंच हाक मारतात. "आमी लिवन देतो."

"लिहून देऊन उपयोग नाही, तिला परत गेलं पाहिजे," मुजावर म्हणाले. "तिला प्रश्न विचारणारं कुणीतरी मिळालंय, म्हणून ती थांबलीय. हत्ती हलतो तो उत्तराकडं. खिंडीत दुसरं कुणीतरी बसलं आणि तिथून उत्तर गेलं, तर ती तिकडं चालू लागेल. एकदा खिंडीत पोचली की पुढं कळप तिला ऐकू येईल."

"मग हाच तंबोरा खिंडीत नेऊ," कायतान म्हणाला.

"नेताना तो गप्प असणार. मग ही कुठंही भरकटेल. दोन्हीकडं एकदम आवाज पाहिजे. आणि दोन्ही आवाज एकाच कुटुंबाचे पाहिजेत, परक्या आवाजावर ती विश्वास ठेवणार नाही. तशी जमीन हलवणारी यंत्रं असतात. निविदा काढली की आठ-नऊ महिन्यांत येतात." ते सुलभाताईंकडे वळले. "ताई, या वाद्याचा जुळा भाऊ वगैरे कुठं नसेल ना?"

"आहे," सुलभाताई म्हणाल्या.

"वा! मग मागवू."

"तो माझ्या भावाकडे आहे."

"मग तर प्रश्नच मिटला!" मुजावर म्हणाले. त्यांना भाऊ नसावा.

*

फोन तिसऱ्या घंटेला उचलला गेला.

"कोण?"

"दादा, मी."

"मी कोण?"

"घोरपड."

पलीकडं कुणीतरी तंबोऱ्याला गवसणी घालत असल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"दादा, ऐकतोयस ना? इथं एक हत्तीण आहे. लहान आहे. माझ्या संगीतामुळे गावात येऊन अडकलीय. गुरुवारी तिला साखळीत घालून नेणार आहेत. तिला परत न्यायला अण्णांचा दुसरा तंबोरा पाहिजे. मी खोटं बोलत नाही, इथले डॉक्टर आहेत, त्यांना विचार."

"हत्तीण."

"हो."

"तुझं संगीत ऐकून आली."

"हो. सिनेमा संपेपर्यंत उभी होती."

"हूं. म्हणजे श्रोता मिळाला." पंतांचा आवाज कोरडा होता. "एकट्या तंबोऱ्यावर वाजवत होतीस?"

"दुसरा कुठून आणू?"

"वीस वर्षं एका तंबोऱ्यावर? अण्णा असते तर काय म्हणाले असते? तंबोरे जोडीनं लावतात एवढंही विसरलीस?"

"दुसरा तुझ्याकडे आहे, दादा."

"ते मला माहीत आहे!" पंत ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "ती काय ऐकते म्हणालीस त्यात?"

"मी इथं आहे, तू कुठं आहेस. अख्खा सिनेमाभर."

"आणि त्याला उत्तर?"

"निरंक," सुलभाताई म्हणाल्या. दुसरा शब्द त्यांना सुचला नाही.

"मोठा टेम्पो पाहिजे," पंत म्हणाले. "माझ्या ओळखीचा आहे एक. लग्नाचं सामान नेतो. हळू चालवतो."

*

पंत मंगळवारी दुपारी मिरजेहून आले. पांढरा झब्बा, डोक्याला मफलर, टेम्पोत चालकाशेजारी न बसता मागं, तंबोऱ्याला धरून. उतरल्यावर त्यांनी सरपंचांना नमस्कार केला, मुजावरांना केला, कायतानला केला, आणि बाय उभी होती तिकडं बघून तिलाही केला. बहिणीला केला नाही. धाकट्या बहिणीला मोठा भाऊ नमस्कार करत नसतो. तेवढ्यापुरती त्यांची सोय होती.

दोन्ही तंबोरे शाळेच्या पडवीत लांब फळीवर शेजारी शेजारी उभे केले. ते एकमेकांसारखेच काळे झाले होते.

आता ते मिळवायचे होते. ऐकू न येणारे दोन सूर एक कसे करायचे? याला यंत्र लागत नाही. दोन सूर जवळजवळ सारखे असले की ते एकमेकांत मिसळून थबथबतात. जोर वाढतो, ओसरतो, वाढतो, ओसरतो. जितके जवळ येतील तितकी ही भरती-ओहोटी संथ. अगदी एक झाले की ती थांबते. अण्णांना हे शास्त्र माहीत नव्हतं. त्यांना फक्त मांडी होती.

पंत फळीच्या एका टोकाला बसले, सुलभाताई दुसऱ्या. मध्ये सरपंच, कारण त्यांचा आता तंबोऱ्यावर हक्क होता.

"सरपंचबाई," पंत समोर बघत म्हणाले, "त्यांना सांगा, खुंटी जरा चढवा."

"ताई, खुंटी चढव म्हणतत."

"त्यांना सांगा, माझा बरोबर आहे, त्यांचा उतरलाय."

"पंतानु, तुमचोच उतारलो म्हणतत."

"वीस वर्षं पितळी बँडबरोबर वाजलेला तंबोरा बरोबर असणार म्हणे! विचारा त्यांना, घोडी घासून जवारी कधी काढली होती?"

"ह्या माका इचारूक जमाचा नाय," सरपंच म्हणाल्या. "गावातले भावकीचे तंटे मी रोज मिटवतंय, पण निदान ते एकामेकांक शिव्या तरी घालतत."

सुलभाताई हसल्या. पंतांनी मफलर सोडला. मग दोघांनी फळीला तळवे टेकवले. थबथब... थबथब... पंतांनी खुंटी केसभर फिरवली. भरती लांबली. सुलभाताईंनी तारेतला मणी किंचित खाली ओढला. भरती आणखी लांबली, ओहोटी इतकी संथ झाली की श्वास त्याहून जलद वाटू लागला. आणि मग ती थांबली. फळी, पडवी, खालची जमीन, सगळं एकाच जागी स्थिर झालं.

"मिळालं," दोघं एकदम म्हणाले.

बाहेर बायनं मान वळवली.

*

बुधवारी सकाळी पंतांना तंबोऱ्यासह खिंडीत पोचवलं. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. खडकावर फळ्या मांडल्या, त्यावर भोपळा, शेजारी पंत. जाताना त्यांनी फक्त मुजावरांना विचारलं, "मी नुसता तंबोरा छेडत राहायचा?"

"नुसता. तंबोरा छेडला की सूर उमटतो आणि विरतो. म्हणजे उत्तर. प्रश्न विचारायला आवाज चढावा लागतो, त्याला ट्रॉम्बोन पाहिजेत. ते ताईंकडे आहेत."

"ते तिच्याकडंच असू देत," पंत म्हणाले.

सड्यावर वाद्यवृंद मांडला. सिनेमा नव्हता, पडदा नव्हता. समोर गाव, आणि गावाच्या पुढं, बसला टेकून, बाय. सुलभाताईंनी शेवटचा तुकडा काढायला सांगितला: कारखाना पचवून महाघोरपड पुन्हा पाण्यात परत जाते तो. त्यांच्या मते त्यांनी लिहिलेला तेवढाच एक चांगला तुकडा. सिनेमात त्यावर नावं येत आणि लोक चपला शोधत.

सरपंचांनी तंबोरा छेडला. व्हायोलिनं हळू आत आली. कायताननं डोळे मिटून ट्रॉम्बोन फुगवला.

'अज्ञात हत्ती, आंबेरण सडा: मी येथे आहे. आपण कोठे आहात?'

सगळे मोबाइलकडं बघत होते. वादक एका डोळ्यानं काठी बघत होते, दुसऱ्यानं मोबाइल. सुलभाताईंनी पुन्हा तेच वाजवायला लावलं. आणि मग आलं:

'अज्ञात हत्ती, खिंड: मी येथे आहे.'

बायचे कान उघडले. तिनं एक पाय उचलून टेकला, जरा पुढं, जणू जमीन तपासत होती. तोच आवाज, पण दुसरीकडून. तेच घर. ती वळली, बसपासून सुटली, आणि सड्याच्या कडेनं खिंडीच्या वाटेला लागली.

"गेली, बाय गेली!" कुणीतरी ओरडलं.

"गप रे," सरपंच म्हणाल्या. त्यांची बोटं चालूच होती.

वाद्यवृंद सकाळभर वाजवत राहिला. विचारायचं, थांबायचं. उत्तर यायचं. पुन्हा विचारायचं. ओठ सुजले तेव्हा ट्रॉम्बोनवाल्यांनी आळीपाळीनं वाजवलं. सुलभाताईंचा हात भरून आला, पण काठी खाली ठेवली नाही. दुपारी मुजावरांच्या मोबाइलवर एकदम गर्दी झाली.

'मादी हत्ती, वय अंदाजे आठ: मी येथे आहे! आपण कोठे आहात?'

'मादी हत्ती, कळप दोन: आम्ही येथे आहोत.'

'मादी हत्ती, कळप दोन: आम्ही येथे आहोत.'

'मादी हत्ती, कळप दोन: यावे. यावे. यावे.'

उद्गारचिन्ह संगणकानं पत्रव्यवहारात कुठं पाहिलं होतं, हे मुजावरांना पुढंही सापडलं नाही. ते फळीवर बसले आणि रुमाल शोधू लागले. गाव नाचायला लागलं. कायतान दोन्ही हातांनी ओठ धरून हसत होता.

सुलभाताईंची जुनी पद्धत होती. ध्वनिमुद्रण संपलं की प्रत्येक वादकाजवळ जाऊन आल्याची वडी द्यायची. आज वड्या नव्हत्या. त्या नुसत्याच प्रत्येकासमोर जाऊन उभ्या राहिल्या, खांद्याला हात लावला. सगळ्यांत शेवटी सरपंचांना म्हणाल्या, "तुम्ही एकदाही थांबला नाहीत."

"तुमीच सांगितलास, थांबाचा नाय."

वाद्यं पेट्यांत गेली. बस मोकळी झाली होती. टेम्पो पंतांना आणायला खिंडीकडं निघणार होता. तेवढ्यात मोबाइल वाजला.

'अज्ञात हत्ती, खिंड: मी येथे आहे. आपण कोठे आहात?'

"पंतांना सांगायला पाहिजे, ती पोचली," मुजावर म्हणाले. "त्यांना कळलं नसेल. तिथं रेंज कुठाय?"

"त्याच्या जवळूनच ती गेली असेल," सुलभाताई म्हणाल्या. "त्याला कळलंय." त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. "डॉक्टर, नुसता तंबोरा प्रश्न विचारत नाही म्हणालात ना?"

"नाही. छेडलेला सूर विरतोच. चढवायला वर दुसरा आवाज लागतो. खोल. आणि तो हळूहळू फुगवावा लागतो." मुजावरांनी खिंडीकडं पाहिलं. "तिथं ट्रॉम्बोन नाहीत."

"नाहीत," सुलभाताई म्हणाल्या. "पण दादा रोज पहाटे खर्ज लावतो. पन्नास वर्षं झाली."

मोबाइल पुन्हा वाजला. तोच मजकूर. खिंडीतल्या खडकावर मफलर गुंडाळलेले पंडित दिगंबर हळबे महाघोरपडीचा सूर गात होते, अगदी ट्रॉम्बोनच्या जागेवरून.

वाद्यवृंद नव्हता. पण उत्तराला वाद्यवृंद लागत नाही. सुलभाताई गुडघे धरत फळीवर बसल्या, तंबोऱ्याला गाल टेकवला आणि तार छेडली. सूर उमटला, विरला. ऐकू काहीच आलं नाही.

'अज्ञात हत्ती, आंबेरण सडा: मी येथे आहे.'

टेम्पोवाल्याला सरपंचांनी सांगितलं, "तासाभरान जा. घाई करू नको."

त्या वर्षीच्या हत्तींच्या गणनेत एक अडचण निघाली. कळप दोनमध्ये बाय धरून सगळे बरोबर भरले, पण दोन हत्ती जास्त येत होते. ते कमी करायची सोय गणनेत नव्हती, म्हणून मुजावरांनी ते तसेच राहू दिले. आजही तिथं नोंद आहे: अज्ञात हत्ती, दोन. एक नर, एक मादी. दोन्ही वयस्क. स्थलांतर करून सांगली-मिरज परिसरात वास्तव्य. शेरा: एकमेकांच्या संपर्कात आहेत. कार्यवाहीची आवश्यकता नाही.